लाकूड दिसतं, भार धातू पेलतो: कस्टम लाकडी स्टिअरिंगच्या तीन बांधण्यांचं परीक्षण

जुन्या गाडीसाठी लाकडी स्टिअरिंग करून देणाऱ्या कारागिरांचे फोटो शेजारी शेजारी ठेवले, तर सगळीच कडी (हातात धरायचा गोल भाग) सारखी देखणी दिसतात. मधाळ चकाकी, पाठीमागे बोटांच्या खाचा, घासून चमकवलेले आरे, रिव्हेटची ओळ. दोन उन्हाळे गेले की त्यातलं एखादं सांध्यांशी उकलतं, एखाद्याचं पॉलिश पापुद्र्यासारखं सुटतं आणि एखादं जसंच्या तसं राहतं. लाकडाच्या जातीमुळे हा फरक क्वचितच पडतो. लाकडी स्टिअरिंग म्हणजे लाकूड नेसलेलं धातूचं स्टिअरिंग. आतला कणा, लाकूड जोडायची पद्धत आणि सांध्यातला गोंद हे तिन्ही नीट असतील, तर साधं बीचसुद्धा टिकतं. यातलं एक जरी कच्चं असलं, तर महागातलं अक्रोडही फुटतं.

बैलगाडीच्या चाकात लोखंडी धाव बाहेरून लाकडाला आवळून धरते. इथे मामला उलटा आहे. धातू पोटात आणि लाकूड बाहेर, म्हणजे लाकडाला बाहेरून आवळणारं काहीच नाही. ते फक्त गोंदावर आणि रिव्हेटवर उभं असतं. खाली तपासलेल्या तिन्ही बांधण्या या एकाच कसोटीवर पाहिल्या आहेत.

तुलना सोपी जावी म्हणून सगळी मापं एकाच नमुन्याची घेतली आहेत: बाहेरचा व्यास ३८० मिमी, कड्याची जाडी २५ मिमी, तीन आरे, ४ मिमी जाडीचा ॲल्युमिनियमचा कणा आणि कड्याच्या आत त्याची १२ मिमी रुंद पट्टी. १९६१ मध्ये आलेल्या जॅग्वार ई-टाइपचं लाकडी कडं १६ इंची, म्हणजे साधारण ४०६ मिमीचं होतं. तेवढं मोठं करायचं असेल तर लांब्या त्या प्रमाणात वाढवाव्यात, कोन तेच राहतात.

आधी कणा

ॲल्युमिनियमच्या ६०६१-टी६ किंवा ६०८२ या मिश्रधातूचा पत्रा लेझरने किंवा वॉटरजेटने कापून घेतात. स्टिअरिंग सपाट असेल तर हे उत्तम. पण बहुतेकांना खोलगट स्टिअरिंग हवं असतं, आणि तिथे आरे वाकवावे लागतात. ६०६१-टी६ थंड अवस्थेत करकचून वाकवला की बाकाच्या बाहेरच्या अंगाला बारीक चिरा पडतात. ४ मिमी पत्र्याला बाकाची आतली त्रिज्या किमान १२ ते १६ मिमी लागते. कारागीर ५०५२ वापरत असेल तर काळजी कमी, कारण तो वाकायला मऊ आहे. हातात आलेल्या स्टिअरिंगच्या बाकावर भिंग धरून बघा. संत्र्याच्या सालीसारखा खरखरीतपणा किंवा आडव्या केसासारख्या रेषा दिसल्या तर ते परत करायचं. पॉलिश करून त्या रेषा दिसेनाशा होतात, चीर तशीच राहते. म्हणून आरे चमकवण्याआधीचा फोटो मागावा.

आऱ्यांमधली शोभेची भोकंही तपासा. काठ धारदार सोडलेले नकोत, आणि भोकाच्या दोन्ही बाजूंना पुरेसा पत्रा उरलेला हवा.

जुन्या कठीण प्लास्टिकच्या स्टिअरिंगवर लाकूड चढवून देणारेही बरेच आहेत. त्यात कणा म्हणजे ८ ते १० मिमीची पोलादी सळई, आऱ्यांना वेल्ड केलेली. मूळ स्प्लाइन (कॉलमच्या दांड्यावर बसणारे दाते) आणि मूळ तुंबा (मधला भाग, ज्यावर स्टिअरिंग बसतं) तसेच राहतात हा त्याचा मोठा फायदा, आणि फक्त त्यासाठी ही सेवा घ्यायला हरकत नाही. मात्र सळईचं कडं क्वचितच अचूक गोल असतं. १० मिमी सळईसाठी लाकडाच्या दोन्ही अर्ध्या कड्यांत ५ मिमी खोल गोल बुडाची खाच पाडतात आणि तिला अर्धा मिलिमीटर सैलपणा ठेवतात. तो सैलपणा दाट केलेल्या इपॉक्सीने (दोन भाग मिसळून वापरायचा गोंद) भरतो. खाच अगदी अचूक पाडून सळई ठोकून बसवणारा कारागीर भेटला तर त्याच्या सफाईचं कौतुक करून काम दुसऱ्याला द्यावं. ठोकून बसवलेलं लाकूड कायम ताणात राहतं. आणि जुनं प्लास्टिक करवतीने काप घेऊन सोलायचं असतं. उष्णता देऊन काढलं की विषारी धूर होतो, काही जुनी प्लास्टिकं तर भडकतातच.

पहिली बांधणी: एका फळीतून कापलेलं कडं

ही सर्वांत झटपट बांधणी. रुंद फळी सीएनसीवर (संगणकाने चालणाऱ्या कापणी यंत्रावर) लावायची, दोन पूर्ण कडी कापायची, मध्ये कणा ठेवून चिकटवायची. सांधा एकही नाही, रेषा अखंड. फोटोत हेच सर्वांत छान दिसतं, आणि घेऊ नये असंही हेच.

लाकडाचे तंतू फळीत एकाच दिशेने धावतात, कडं मात्र गोल फिरतं. त्यामुळे दोन ठिकाणी तंतू कड्याला आडवे येतात, आणि तिथे लाकूड बिस्किटासारखं तुटतं. दुसरी गोष्ट ओलाव्याची. लाकूड तंतूंच्या दिशेने जवळजवळ हलत नाही, आडव्या दिशेने मात्र फुगतं आणि आकसतं. महोगनीचा ओलावा ४ टक्क्यांनी बदलला, तर ३८० मिमी रुंदीवर अडीच ते साडेतीन मिलिमीटरचा फरक पडतो. कोरड्या हंगामातून पावसाळ्यात जाताना एवढा बदल सहज होतो. लाकूड लंबगोल व्हायला बघतं, धातूचं कडं गोलच राहतं, आणि मधला गोंद रोज थोडा थोडा सोलला जातो. आधी आतल्या काठाला केसाएवढी फट, मग पॉलिशला पांढरी रेघ, मग बोटाला जाणवणारी पायरी.

प्लायवूडमधून असंच कापलेलं कडं ओलाव्याला जास्त स्थिर असतं, पण त्याला गोलाई दिली की थरांचे पट्टे दिसतात आणि उभ्या तंतूंच्या थरांतून कपचे निघतात. भिंतीवर टांगायला ठीक.

दुसरी बांधणी: पाकळ्यांचं कडं

लाकडाचे छोटे तुकडे तिरके कापून एकमेकांना जोडायचे, असे दोन थर करायचे, आणि वरच्या थराचे सांधे खालच्या थराच्या पाकळ्यांच्या मधोमध येतील असे बसवायचे. विटांच्या बांधकामासारखं. नीट केलं तर रोजच्या वापराला हीच बांधणी योग्य, आणि पुढे दुरुस्त करायलाही हीच सोपी: एक पाकळी खराब झाली तर तेवढीच कोरून काढता येते.

किती पाकळ्या, हा पहिला प्रश्न. ८ पाकळ्यांचं कडं असेल तर प्रत्येक टोकाला साडेबावीस अंशांचा काप येतो आणि टोकाशी तंतूही तेवढेच तिरके होतात. १२ पाकळ्या असतील तर १५ अंश. ८ पाकळ्यांना फळीची रुंदी हिशेबाने साधारण ३८ मिमी लागते, १२ ला ३१ मिमी. घासायला जागा हवी म्हणून अनुक्रमे ४२ आणि ३५ मिमी धरा. १२ च्या पाकळीची बाहेरची लांबी १०२ मिमी येते. दोन थरांच्या २४ पाकळ्यांसाठी ३५ मिमी रुंद आणि १५ मिमी जाड अशी जवळपास ३ मीटर पट्टी घ्यावी, म्हणजे चार-सहा तुकडे वाया गेले तरी चालतं. सगळे तुकडे एकाच फळीतून काढायला सांगा, नाहीतर पॉलिश चढल्यावर कडं ठिगळं लावल्यासारखं दिसतं. ८ पाकळ्यांत सांधे कमी, रेषा लांब. १२ मध्ये तंतू कड्याला जास्त धरून राहतात. मजबुतीसाठी १२ बरे.

इथे चुकतं ते कोनात. प्रत्येक कापात अंशाच्या दहाव्या भागाएवढी चूक झाली, तर १२ पाकळ्यांच्या २४ कापांत मिळून २.४ अंशांची चूक होते, म्हणजे बाहेरच्या काठाला शेवटच्या सांध्यात ८ मिमीची फट. ती फट क्लॅम्प आवळून मिटवतात. कडं बंद होतं, दिसतंही छान, पण प्रत्येक सांधा आतून ताणलेला राहतो आणि पहिल्या कडक उन्हात सुटतो. योग्य रीत अशी: सहा-सहा पाकळ्यांची दोन अर्धवर्तुळं आधी चिकटवायची, दोन्ही एकमेकांसमोर कोरडी ठेवून उरलेली चूक बघायची, आणि अर्धवर्तुळांची टोकं रंध्याने किंवा डिस्क सँडरवर एका सरळ रेषेत आणून मगच कडं पूर्ण करायचं. म्हणजे सगळी चूक दोन सांध्यांत गोळा होते आणि तिथेच संपते. कारागिराला “शेवटचा सांधा कसा बंद करता?” एवढाच प्रश्न विचारा. उत्तरात अर्धवर्तुळं आली तर माणूस जाणकार आहे.

पाकळीचं टोक म्हणजे तंतूंची तोंडं. ती गोंद शोषून घेतात आणि सांधा कोरडा पडतो. म्हणून टोकांना आधी पातळ इपॉक्सीचा एक हात द्यायचा, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, मग सिलिका किंवा लाकडाचं बारीक पीठ मिसळून दाट केलेला इपॉक्सी लावून जोडायचं. क्लॅम्प जरुरीपुरताच आवळायचा. पीव्हीएच्या (नेहमीच्या पांढऱ्या सुतारी गोंदाच्या) सवयीने करकचून आवळला की इपॉक्सी सगळा बाहेर येतो.

कण्यासाठीची खाच दोन्ही थरांत अर्धी अर्धी पाडावी. ४ मिमी पत्र्याला प्रत्येकी २.१ मिमी खोल आणि १२ मिमी पट्टीला १२.४ मिमी रुंद. वरवर पाहता २.० पुरेसं वाटतं, पण पत्र्यावर गोंदाचा थर येतोच. खाच उथळ पडली की दोन्ही थर एकमेकांना टेकत नाहीत आणि कड्याच्या भोवती गोंदाची काळी रेघ दिसते. आरे जिथून बाहेर येतात तिथली वाट ३५ मिमी आऱ्याला साडेपस्तीस मिमी ठेवावी.

तिसरी बांधणी: वाकवलेल्या पट्ट्यांचं कडं

पातळ पट्ट्या एकावर एक चिकटवत साच्याभोवती वाकवायच्या. तंतू सगळीकडे कड्याबरोबर फिरतात, आडवे कुठेच येत नाहीत. तिघांत ताकदीला हीच पहिली. दोन रंगांच्या पट्ट्या घेतल्या तर समकेंद्री रेषा येतात, त्या खूप जणांना आवडतात. त्यात फार गडद-फिकट विरोध केला की स्टिअरिंग पोळपाटासारखं दिसतं, हे आपलं मत.

आतली त्रिज्या १६५ मिमी. सरळ तंतूंचं लाकूड कोरडंच वाकवायचं तर पट्टी दीड मिमीच्या वर नको. २ मिमीची पट्टी वाफ देऊन वाकते, पण मग ती साच्यावर पूर्ण वाळेपर्यंत चिकटवता येत नाही. ओल्या लाकडावर इपॉक्सी धरत नाही. दीड मिमीच्या १७ पट्ट्या लागतात. सगळ्यांत आतली पट्टी सुमारे १०४० मिमी, सगळ्यांत बाहेरची १२०० मिमी, आणि जोडासाठी टोकांना १ ला ८ ते १० असा लांब उतार द्यायचा. म्हणून सगळ्या १३०० मिमी लांब काढाव्यात. रुंदी ३० मिमी, कारण पूर्ण जाडीचं एकच कडं चिकटवून नंतर ते बँडसॉवर मधोमध चिरून दोन अर्धी करायची असतात. दोन वेगळी कडी चिकटवली तर रेषा जुळत नाहीत. प्रत्येक पट्टीचा जोड आधीच्या जोडापासून दूर सरकवायचा. जोड एकाखाली एक आले की तिथे कड्याला कोपरा येतो. तो फोटोत दिसत नाही, हात फिरवताना लगेच कळतो.

सुकेपर्यंत सगळीकडून सारखा दाब हवा, त्यासाठी वीसएक क्लॅम्प लागतात. साच्याला चिकट टेप किंवा मेण लावायला विसरलं तर कडं साच्यासकट एक होतं. गाठाळ किंवा तिरक्या तंतूंची पट्टी वाकवताना तुटते. ॲश आणि बीच उत्तम वाकतात, अक्रोड आणि महोगनी निवडून घेतल्यास, शिसव सर्वांत हट्टी.

पट्ट्या कापताना अर्ध्याहून जास्त लाकूड भुश्यात जातं, शिवाय वेळ पाकळ्यांच्या दुप्पट लागतो. कारागीर या बांधणीचे जास्त पैसे मागतो ते उगीच नाही.

गोंद आणि उन्हाचा हिशेब

उन्हात बंद गाडीच्या डॅशबोर्डजवळ ७० ते ८० अंश सहज होतात. आपल्या नमुन्याच्या कड्याचा मधला परीघ १११५ मिमी. तापमान २५ वरून ७५ अंशांवर गेलं की ॲल्युमिनियमचा कणा जवळपास १.३ मिमी लांबतो, लाकूड तंतूंच्या दिशेने जेमतेम ०.२ मिमी. उरलेला मिलिमीटरभर फरक गोंदाने सोसायचा. पोलादी कण्यात हा फरक निम्म्याहून कमी असतो. एवढ्यापुरतं पोलाद सरस, पण वजन वाढतं, आणि पॉलिशमधून ओल शिरली तर गंज आणि लाकडातलं टॅनिन मिळून काळे डाग पडतात. ओकमध्ये हे सर्वांत आधी दिसतं, अक्रोडातही. पोलादी कण्याला आधी इपॉक्सीचा थर हवाच.

आता गोंद. पांढरा पीव्हीए गोंद लाकडाला लाकूड छान जोडतो, धातूला नाही. आणि उष्णतेत तो मऊ पडून सरकतो. वाकवलेल्या पट्ट्या हळूहळू एकमेकींवरून घसरतात आणि पॉलिशवर बारीक पायऱ्या उमटतात. जलरोधक असं लिहिलेला पीव्हीएही या बाबतीत वेगळा नाही. फेसाळणारा पॉलियुरेथेन गोंद फटी भरल्यासारखा वाटतो, पण त्या फेसात ताकद नसते. पट्ट्यांसाठी युरिया फॉर्मल्डिहाइडचा पावडर गोंद चांगला, कडक राहतो, सरकत नाही. धातू आणि लाकडाच्या जोडाला मात्र इपॉक्सीच.

त्यातही एक मेख आहे. साध्या खोलीच्या तापमानाला घट्ट होणारे बरेच इपॉक्सी ५० ते ६० अंशांच्या आसपास मऊ व्हायला लागतात, म्हणजे गाडीतल्या उन्हापेक्षा खाली. उपाय म्हणजे पूर्ण सुकल्यानंतर कडं हळूहळू तापवत ५०-६० अंशांवर काही तास ठेवणं. त्याने इपॉक्सी मऊ पडण्याचं तापमान वर सरकतं. हे शेवटच्या घासणीच्या आधी करायचं, कारण तापवल्यावर सांध्यातला इपॉक्सी किंचित बसतो आणि आधीच पॉलिश केलेलं असेल तर प्रत्येक सांधा पृष्ठभागावर रेघ होऊन उमटतो. “नवं असताना गुळगुळीत होतं, महिन्याभरात सांधे हाताला लागायला लागले” ही तक्रार बहुतेक वेळा याच कारणाने येते.

ॲल्युमिनियमवर हवेत काही क्षणांत ऑक्साइडचा थर चढतो. पत्रा ८० नंबरच्या पेपरने घासून, ॲसिटोनने पुसून, वर इपॉक्सी लावायचा आणि तो ओला असतानाच त्यातूनच पुन्हा घासायचं. लगेच जोडायचं. शिसव, साग ही तेलकट लाकडं. त्यांचा जोडायचा भाग ॲसिटोनने पुसून पंधरा-वीस मिनिटांच्या आत गोंद लावायचा, कारण तेल पुन्हा वर येतं. चमकवलेल्या पत्र्यावर सरळ चिकटवलेलं कडं बोटाच्या पेराने ठोकलं की बद्द आवाज देतं. नीट चिकटलेलं कडं टणक वाजतं, सगळीकडे सारखं.

लाकूड ८ ते १० टक्के ओलाव्याचं हवं आणि कापल्यावर दोन आठवडे कारखान्यातल्या हवेत पडू द्यायला हवं. शिसव मागवताना आणखी एक लक्षात ठेवा: शिसवाचा डालबर्जिया हा वंश २०१७ पासून साइट्स कराराच्या (वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टात आहे. स्टिअरिंग देशाबाहेरून येणार असेल तर कागदपत्रांचं आधीच विचारून घ्या.

गोलाई, खाचा, रिव्हेट

कण्यासह कडं चिकटवल्यावर आतल्या काठाला राउटर (लाकूड कोरणारं फिरत्या पात्याचं यंत्र) फिरवता येत नाही, आरे आडवे येतात. म्हणून आतली गोलाई चिकटवण्याआधीच, प्रत्येक अर्ध्या कड्याला स्वतंत्रपणे द्यावी लागते. साडेबारा मिमी जाडीवर १२ मिमी त्रिज्येचा बिट (राउटरचं पातं) फिरवला की त्याच्या टोकाच्या बेअरिंगला टेकायला अर्धाच मिलिमीटर उरतो. त्यासाठी कडं दुहेरी टेपने एमडीएफच्या साच्यावर चिकटवून बेअरिंग साच्यावरून फिरवतात. पाकळ्यांच्या कड्यात तंतूंची दिशा दर सांध्याला बदलते, त्यामुळे एका दमात पूर्ण खोल गेलं की कपचा उडतो. तीन-चार उथळ फेऱ्या लागतात, शेवटची अगदी नखभर. कारागिराने आतली गोलाई नंतर हाताने मरफ्याने (लाकडाच्या जाड कानशीने) दिली असेल तर आऱ्यांच्या दोन्ही अंगांना कड्याची जाडी वेगळी लागते. वर्नियरने तिन्ही आऱ्यांशी मोजा, अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको.

मागच्या बोटांच्या खाचा ३६ किंवा ४२ असाव्यात. दोन्ही आकड्यांना तीनने भाग जातो, म्हणून तिन्ही आऱ्यांशी नक्षी सारखी येते. ३६ ला दोन खाचांतलं अंतर ३१ मिमी, ४२ ला साडेसव्वीस. लहान हातांना ४२ बऱ्या. ४० खाचा पाडलेल्या कड्यात नक्षी प्रत्येक आऱ्याशी वेगळ्या जागी येते आणि ती कायम खटकते. २५ मिमी व्यासाच्या सँडिंग ड्रमने ३ मिमी खोल पुरे. त्याहून खोल गेलं तर कण्यावरचं लाकूड पातळ पडतं.

रिव्हेट ३ मिमीचे, ॲल्युमिनियमचे किंवा पितळी, दोन खाचांच्या मधल्या उंचवट्यावर. रिव्हेट ठोकताना त्याचा देह फुगतो. भोक घट्ट असेल तर तो लाकूड आतून फाडतो, आणि ती चीर आठवड्याने दिसते. लाकडातलं भोक ०.३ मिमी सैल, आणि हातोडीऐवजी प्रेसवर दाबून बसवलेला रिव्हेट हवा. शोभेपुरती डोकी चिकटवून रिव्हेटचा देखावा करणारे आहेत. कड्याच्या दोन्ही बाजूंना डोकी समोरासमोर येतात का ते बघा.

पॉलिश

शेलॅक दिसायला अप्रतिम, स्टिअरिंगवर निरुपयोगी. घामाने पांढरं पडतं आणि सॅनिटायझर लावलेल्या हाताला चिकटतं, कारण शेलॅक अल्कोहोलमध्येच विरघळतं. तुंग तेल किंवा जवसाचं तेल हाताला सुंदर लागतं, पण जिथे हात असतो तिथेच काळवंडतं. दर काही महिन्यांनी हात द्यायची तयारी असेल तरच. नुसत्या इपॉक्सीचा काचेसारखा थर उन्हात पिवळा पडून भुकटी होतो, त्यावर अतिनील किरण रोखणारा थर लागतोच. टिकाऊ उत्तर म्हणजे टू-के (हार्डनर मिसळून लावायचं, दोन भागांचं) पॉलियुरेथेन, चार ते सहा पातळ हात, मध्ये ४०० नंबरने घासून. आठ-दहा जाड हात दिलेलं स्टिअरिंग खोल दिसतं खरं, पण अंगठीचा कोपरा लागला की मोठा टवका उडतो. घरी फवारायचं मनात असेल तर: यातला हार्डनर आयसोसायनेटचा असतो, साधा धुळीचा मास्क त्याला पुरत नाही.

पूर्ण चकचकीत की साटिन? फोटोला चकचकीत, घामाळ हाताला साटिन.

तुंबा आणि बसवणी

तुंब्याला बसणारे सहा एम५ (५ मिमी जाडीचे) स्क्रू कोणत्या वर्तुळावर आहेत ते ऑर्डर देतानाच लिहून द्या. स्टिअरिंग करणाऱ्या कंपन्यांपैकी मोमोचं वर्तुळ ७० मिमीचं, नार्डी आणि पर्सनलचं ७४ मिमीचं. फरक त्रिज्येत फक्त २ मिमी, म्हणून भोकं कानशीने लांबवून बसवण्याचा मोह होतो. तसं करू नये. स्टिअरिंग केंद्रातून सरकतं आणि भार दोन-तीन स्क्रूंवरच येतो. चपट्या डोक्याच्या एम५ स्क्रूला जवळजवळ ३ मिमी खोल शंकू लागतो, म्हणजे ४ मिमी पत्र्यात खाली एकच मिलिमीटर उरतो. वरून वेगळी रिंग बसवून त्यात डोकी बुडवणारी रचना चांगली.

बसवताना इंडिकेटर परत फिरवणारी खुंटी, हॉर्नचा संपर्क आणि कॉलमच्या आवरणापासूनचं अंतर बघा, मधला नट गाडीच्या मॅन्युअलमधल्या टॉर्कनेच आवळा. एअरबॅग असलेल्या गाडीत हा उद्योग करू नका.

हातात आल्यावर

आधी वजन करा. ॲल्युमिनियमचा कणा असलेलं आपल्या नमुन्याचं स्टिअरिंग तुंब्याशिवाय साधारण ६५० ते ७०० ग्रॅम भरतं, ३ मिमी पोलादाचं १.१ किलोच्या आसपास. आऱ्यांना मोठी भोकं असतील तर थोडं कमी. त्याहून बरंच कमी भरलं तर कड्याच्या आत धातू पूर्ण फिरलेला नाही, आरे फक्त लाकडात खोचले आहेत असं समजा. असं स्टिअरिंग गाडीला लावण्याच्या लायकीचं नाही. अपघातात तुटलेलं लाकूड धरून ठेवायला आत काहीच नसतं. मग तुंब्यावर बसवून एका जागी बोट धरून फिरवा. कडं पुढेमागे दीड मिलिमीटरपेक्षा जास्त डोलत असेल तर कणा वाकलेला आहे.

तिघांत निवड करायची तर रोज चालणाऱ्या गाडीला १२ पाकळ्यांचं, दोन थरांचं, ॲल्युमिनियमच्या कण्यावरचं. पैसे आणि धीर दोन्ही असतील तर पट्ट्यांचं. एका फळीचं, कितीही सुरेख असलं तरी, नाही.

पहिल्या आठवड्यानंतर सहाही स्क्रू पुन्हा तपासा. पुढे नजर ठेवायची ती आरे लाकडात शिरतात त्या तीन तोंडांवर. पॉलिश सर्वांत आधी तिथेच फाटतं आणि घाम तिथूनच आत जातो. पांढुरकी रेघ दिसली की तेवढा भाग पात्याने खरवडून, दोन दिवस कोरडा ठेवून, काडीने पातळ इपॉक्सीचे दोन थेंब आत सोडायचे आणि वर टू-केचा एक हात द्यायचा. अर्ध्या तासाचं काम आहे. एक पावसाळा तसाच गेला तर त्या तोंडाशी दोन्ही थर उघडून पुन्हा चिकटवावे लागतात.